वाचकांचे प्रश्न : घरातली हार्ड डिस्क किती टिकते, आणि गेल्यावर काय?

घरच्या फोटो-व्हिडिओंच्या साठवणीबद्दल आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच मागणी आहे: 'टिकणारी डिस्क सुचवा.' तशी डिस्क सुचवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुमच्या हातातली नेमकी डिस्क कधी बंद पडेल हे ती बनवणाऱ्या कंपनीलाही ठाऊक नसतं. ती बंद पडेल त्या दिवशी आपलं काय काय जाईल, हे मात्र आजच ठरवता येतं. म्हणून उत्तरांचा भर त्यावर आहे.

डिस्कच्या माहितीपत्रकात 'एमटीबीएफ १० लाख तास' असं छापलंय. हिशोब केला तर ११४ वर्षं येतात. दुकानदार म्हणतो, पाच वर्षं धरा. खरं कोणाचं?
– एक वाचक, डोंबिवली

दुकानदाराचं ऐका. एमटीबीएफ म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ; पण १० लाख तास हा एका डिस्कच्या आयुष्याचा आकडा नाही, तो डिस्कच्या ताफ्याचा आहे. वर्षात ८,७६० तास असतात. हजार डिस्क वर्षभर अखंड चालवल्या तर ८७.६ लाख तास झाले. त्याला १० लाखांनी भागलं की वर्षाला साधारण ९ डिस्क, म्हणजे ०.८८ टक्के बंद पडतील, एवढाच त्याचा अर्थ. तोही डिस्क उमेदीत असेपर्यंत. विशीतल्या हजार जणांमागे वर्षाला एखादा दगावतो, म्हणून माणूस हजार वर्षं जगतो असं कोणी म्हणत नाही; डिस्कच्या बाबतीत मात्र आपण तेच म्हणून बसतो.

पत्रकातला हा आकडाही उजवाच असतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ साली मोठमोठ्या संगणक केंद्रांतल्या डिस्क बदलण्याच्या नोंदी तपासल्या. कागदावर एक टक्क्याच्या आत असलेलं प्रमाण प्रत्यक्षात सहसा त्याहून जास्त, बऱ्याच ठिकाणी २ ते ४ टक्के आणि क्वचित १३ टक्क्यांपर्यंत निघालं. बॅकब्लेझ ही क्लाउड साठवणीची अमेरिकी कंपनी २०१३ पासूनच्या आपल्या डिस्कचे आकडे उघडपणे छापते. तिथे वर्षाला बंद पडणाऱ्या डिस्कचं प्रमाण २०२२ मध्ये १.३७, २०२३ मध्ये १.७० आणि २०२४ मध्ये १.५७ टक्के होतं. हे सगळं थंड, स्थिर वीजपुरवठा असलेल्या खोल्यांतलं. टेबलावरून पडणं, दिवसातून दहा वेळा वायर ओढणं, कपाटावरची धूळ हे त्यात नाही.

आता घरचा हिशोब करू. वर्षाला दीड टक्का धरला तर एक डिस्क पाच वर्षं तरण्याची शक्यता ९३ टक्के. बरी वाटते. पण घरात चार डिस्क असतील तर पाच वर्षांत त्यातली एखादी तरी जाण्याची शक्यता २६ टक्के होते. घरच्या परिस्थितीमुळे वर्षाला तीन टक्के धरले तर ४६. म्हणजे जवळजवळ छापा-काटा.

पत्रकातल्या दोन ओळी मात्र एमटीबीएफपेक्षा कामाच्या असतात. पहिली, वर्षाला किती तास चालवणं गृहीत धरलंय. स्वस्त डेस्कटॉप डिस्कच्या काही पत्रकांत २,४०० तास असतात, म्हणजे रोज आठ तास आणि वर्षाचे तीनशे दिवस. तीच डिस्क चोवीस तास चालवली की अपेक्षा साडेतीन पटींहून जास्त ठेवली. दुसरी ओळ वार्षिक वाचन-लेखनाची: डेस्कटॉप डिस्कला ५५ टीबी, नॅससाठीच्या (नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला साठवणीचा डबा) साध्या डिस्कला १८० टीबी हे नेहमी दिसणारे आकडे. वॉरंटीची वर्षं (दोन, तीन किंवा पाच) हाही एक इशारा आहे, कारण तिथे कंपनीचा स्वतःचा पैसा लागलेला असतो. अर्थात वॉरंटीत नवी डिस्क मिळते, जुनीतले फोटो नाहीत.

दुकानदाराची पाच वर्षं आम्ही अशी वापरू: डिस्कचे चालू तास ४३,८०० च्या आसपास आले की तिला मुख्य कामावरून उतरवायचं आणि कपाटातली जादा प्रत म्हणून ठेवायचं. फेकायची गरज नाही, पण तिच्यावर विसंबायचंही नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'कॉशन' असा पिवळा ठिपका आला आहे. डिस्क व्यवस्थित चालते. लगेच बदलू का? काही आकडे तर कोटींत दिसताहेत.
– एक वाचिका, कोल्हापूर

आधी कोटींचं. डिस्कची तब्येत दाखवणारा हा प्रोग्राम कच्चे आकडे सोळाच्या पायात दाखवतो, म्हणून '१०' दिसलं तर ते सोळा असतं. पर्यायांमध्ये जाऊन ते दशमान करून घ्या. शिवाय सीगेटच्या डिस्कवर '०१' आणि '०७' या ओळींत प्रचंड आकडे असणं नेहमीचंच. त्यात चुकांबरोबर एकूण वाचनांची मोजणीही एकत्र बांधलेली असते. तिकडे बघू नका.

बघायच्या ओळी चारच: '०५', 'बीबी', 'सी५' आणि 'सी६'. '०५' म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे). 'बीबी' आणि 'सी६' म्हणजे दुरुस्त न झालेल्या चुका. सगळ्यात बोलका 'सी५': जो सेक्टर वाचता आला नाही पण अजून निकालात काढलेला नाही, असे किती. डिस्क त्याला लगेच हलवत नाही, कारण पुढच्या खेपेला त्यातलं वाचता येईल अशी आशा असते. त्या सेक्टरवर नवं काही लिहायची वेळ येते तेव्हाच निवाडा होतो. लिखाण नीट बसलं तर 'सी५' कमी होतो. नाही बसलं तर राखीव सेक्टर मिळतो आणि '०५' एकाने वाढतो.

'सी५' शून्याच्या वर असेल तर क्रम असा ठेवा. पहिलं काम कॉपीचं, तेही सगळ्यात मोलाच्या फोल्डरपासून. आधी 'डिस्क पूर्ण तपासतो आणि मग कॉपी करतो' ही चूक फार जण करतात. त्या तपासणीतच डिस्क शेवटचे आचके देऊ शकते. सगळं बाहेर काढून, काढलेलं उघडून पाहिल्यावर डिस्कचा पूर्ण फॉरमॅट करा. 'क्विक'ची खूण काढलेली हवी, म्हणजे विंडोज प्रत्येक सेक्टरवर लिहितं. नंतर आकडे पुन्हा पाहा. 'सी५' शून्यावर आला, '०५' काही मोजक्या सेक्टरांवर थांबला आणि महिनाभर हलला नाही, तर तिसरी प्रत ठेवायला डिस्क चालेल. आकडा आठवड्यागणिक वाढत असेल तर तिला निरोप द्या.

'सी७' वाढलेला दिसला तर घाबरू नका. तो डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वहनातल्या चुकांचा आकडा आहे आणि दोषी बहुतेक वेळा साटा केबल असते. केबल बदला. आकडा खाली येत नाही, तो फक्त वाढायचा थांबतो.

हिरव्या ठिपक्यावर मात्र निर्धास्त होऊ नका. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट होते, असं त्यात दिसलं. पण त्याच अभ्यासात, बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी चार मुख्य लक्षणांपैकी एकही दाखवलं नव्हतं. पिवळा ठिपका आला तर विश्वास ठेवा. हिरव्याचा अर्थ फक्त 'अजून काही कळलेलं नाही' एवढाच.

दोन डिस्कचा नॅस घेतलाय. दोन्ही डिस्कवर सारखाच डेटा असतो. मग वेगळ्या बॅकअपवर खर्च कशाला?
– एक वाचक, पुणे

कारण आरसा चुकाही हुबेहूब दाखवतो. तुम्ही फोल्डर चुकून पुसलं तर ते त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून जातं. खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडे. नॅसच्या पॉवर सप्लायमधून जादा व्होल्टेज गेलं, डबा चोरीला गेला, वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी वाहिली, तरी दोन्ही एकदमच. आरशाचा उपयोग एकच: एक डिस्क गेली तरी संध्याकाळचं काम थांबत नाही. दुकान किंवा स्टुडिओ चालवणाऱ्याला त्याचं मोल आहे. घरच्या फोटोंना आठ तास उशीर झाला तर काही बिघडत नाही.

म्हणून पैसे दोनच डिस्कचे असतील तर आमचा कौल असा: आरसा करू नका. एक डिस्क नॅसमध्ये चालू ठेवा आणि दुसरी बाहेरून जोडायची करून आठवड्यातून एकदा तिच्यावर बॅकअप घ्या, मग काढून ठेवा. काढून ठेवलेल्या डिस्कपर्यंत व्हायरसही पोचत नाही आणि विजेचा झटकाही.

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा ठोकताळा बहुतेकांना माहीत असतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. तीनमध्ये मूळही धरलेलं असतं, म्हणजे बॅकअप दोनच. फोनमधून क्लाउडवर आपोआप जाणारे फोटो ही त्यातली एक प्रत धरायला हरकत नाही, पण पूर्ण भरवशाची नाही, कारण ते जुळवून घेणं (सिंक) आहे. फोनवर पुसलं की तिकडेही पुसलं जातं. गूगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो. एकसष्टाव्या दिवशी आठवण झाली तर उपयोग नाही.

एक पोटप्रश्न न विचारलेला: नॅसचा डबाच जळला तर आतल्या डिस्क वाचता येतील का? सिनॉलॉजीसारख्या कंपन्यांच्या बऱ्याच डब्यांत आतून लिनक्सचीच रेड रचना (अनेक डिस्क एकत्र बांधून वापरायची पद्धत) असते, त्यामुळे डिस्क पीसीला जोडून लिनक्समधून वाचता येतात. मात्र ही कसरत आणीबाणीची आहे. ती योजनेचा भाग करू नका.

८ टीबीच्या चार डिस्कवर रेड ५ केली आहे. मोठ्या डिस्कसाठी रेड ५ आता मेली असं कोणी तरी सांगितलं. एक डिस्क गेलीच तर नेमकं काय करायचं?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून तिचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा बांधता येतो. 'मेली' म्हणणाऱ्यांचं गणित असं असतं: पत्रकात लिहिलेलं असतं की १० च्या १४ व्या घाताइतके बिट वाचताना एखादी न वाचता येणारी चूक होऊ शकते. तेवढे बिट म्हणजे १२.५ टीबी. तुमची एक डिस्क गेली तर उरलेल्या तिन्ही मिळून २४ टीबी वाचल्याशिवाय पुनर्बांधणी होत नाही, म्हणजे अपयश ठरलेलंच. हे शब्दशः खरं नाही. तो आकडा कंपनीने आखलेली कमाल मर्यादा आहे आणि धडधाकट डिस्क बऱ्याचदा त्याहून कितीतरी चांगल्या वागतात. पण धोका खोटाही नाही, आणि त्याची खरी कारणं जास्त साधी आहेत.

पहिलं कारण, कोणी न उघडलेले कोपरे. २०१६ चा व्हिडिओ ज्या सेक्टरवर आहे तो तीन वर्षांपूर्वी खराब झाला असेल तर ते कोणाला कळलेलं नसतं. पुनर्बांधणीत तो पहिल्यांदा वाचला जातो आणि ऐनवेळी पितळ उघडं पडतं. उपाय म्हणजे महिन्यातून एकदा 'स्क्रब', म्हणजे सगळ्या डिस्क पूर्ण वाचून तपासणं. नॅसच्या सेटिंगमध्ये त्याचं वेळापत्रक असतं आणि अनेकांकडे ते बंदच असतं.

दुसरं कारण, शिंगल्ड डिस्क. यात जास्त माल बसवण्यासाठी पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या वापरात फरक कळत नाही. पुनर्बांधणीच्या सलग लिखाणात मात्र वेग कोसळतो आणि तासांचं काम दिवसांवर जातं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' (म्हणजे लाल; वरच्या रेड ५ शी संबंध नाही) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क अशा असल्याचं उघड झालं आणि त्यानंतर साध्या पट्ट्यांच्या डिस्क 'रेड प्लस' नावाने वेगळ्या झाल्या. विकत घेताना मॉडेल क्रमांकावरून 'सीएमआर', म्हणजे साध्या पट्ट्यांची, आहे ना हे कंपनीच्या यादीत पाहा. खोक्यावर ते असेलच असं नाही.

तिसरं, चुकीची जात. नॅसची डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही तर सुमारे सात सेकंदांत 'जमत नाही' असं कळवते आणि रेड तो भाग दुसरीकडून भरून काढते. डेस्कटॉप डिस्क मिनिटभर किंवा जास्तही झटत बसते. तेवढ्यात रेड सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा धीर सुटतो आणि एका सेक्टरपायी अख्खी डिस्क बाद ठरते.

आता क्रम. लाल दिवा लागला की आधी बॅकअप ताजा आहे का पाहा. नसेल तर तो आधी घ्या, पुनर्बांधणी नंतर. मग कोणती डिस्क गेली तिचा अनुक्रमांक लिहून घ्या. घाईत चांगली डिस्क उपसून काढणं ही यातली सगळ्यात सर्रास होणारी चूक आहे, आणि रेड ५ मध्ये ती चूक म्हणजे खेळ खल्लास. आजच प्रत्येक ट्रेच्या दर्शनी बाजूला अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे चिकटवून ठेवा. नवी डिस्क जुनीइतकीच किंवा मोठी हवी. ८ टीबीची डिस्क सरासरी सेकंदाला १८० एमबीने वाचली तरी एका फेरीला सव्वाबारा तास लागतात. नॅस वापरात असेल तर दीड-दोन दिवस धरा आणि तेवढा वेळ त्याच्यावर सिनेमे बघणं टाळा.

पुढच्या खेपेला चार डिस्क घ्याल तेव्हा रेड ६ करा. जागा २४ ऐवजी १६ टीबी मिळेल, पण एक डिस्क गेल्यावरही दुसरीचा आधार राहील. आणि चारही डिस्क एकाच खोक्यातून घेऊ नका. एकत्र जन्मलेल्या, एकाच उकाड्यात एकाच कामाला जुंपलेल्या डिस्क थकतातही साधारण एकत्रच.

नव्या डिस्कची आधी परीक्षा घ्यावी का?
– एक वाचिका, नाशिक

हो. क्रिस्टलडिस्कइन्फोत चालू तास शून्याच्या जवळ आहेत ना पाहा (जुनी डिस्क नवी म्हणून विकली जाते), अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून भारतातली वॉरंटी तपासा, मग स्मार्टसीटीएल या प्रोग्रामची लांब चाचणी आणि पूर्ण फॉरमॅट. दोन्ही मिळून ८ टीबीला साधारण एक दिवस. परत करण्याची मुदत संपायच्या आत उरका.

आमच्याकडे वारंवार लाइट जाते. इन्व्हर्टर आहे, तरीही लाइट गेली की नॅस कधी कधी बंद होऊन पुन्हा सुरू होतो. डिस्कमधून 'टक्' असा आवाज येतो.
– एक वाचक, लातूर

तो आवाज डिस्कच्या डोक्याच्या आपत्कालीन माघारीचा आहे. चालू डिस्कचं वाचणारं डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटरच अंतरावर तरंगत असतं. वीज अचानक गेली की तबकडीच्या उरल्यासुरल्या गतीतून वीज काढून डोकं घाईघाईने बाजूच्या उतारावर नेलं जातं. नेहमीच्या हळुवार माघारीपेक्षा हा धसका जास्त असतो. डिस्क असे धसके बरेच सोसते. जास्त नुकसान होतं ते अर्धवट लिहिलेल्या डेटाचं.

तुमच्या इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक बटण असेल: एका बाजूला 'यूपीएस', दुसरीकडे 'इको' किंवा 'नॉर्मल'. इको मोडमध्ये तो १०० ते २९० व्होल्टपर्यंत बाहेरचीच वीज पुढे ढकलतो आणि बॅटरीवर यायला वेळ घेतो. पंखा-दिव्यांना ते चालतं, संगणकाला नाही. यूपीएस मोडमध्ये पट्टा साधारण १८० ते २६० असतो आणि बदल बराच झटपट होतो. आधी ते बटण फिरवून पाहा.

तरीही नॅससाठी छोटा वेगळा यूपीएस घ्या असंच आम्ही म्हणू, कारण इन्व्हर्टर नॅसशी बोलत नाही. यूएसबी केबल असलेला ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. दोन डिस्कचा नॅस आणि राउटर मिळून ४० वॉटच्या आसपास घेतात. यूपीएस घेताना तुमच्या नॅसच्या यादीत तो आहे का हे पाहा. यूएसबीचं भोक असूनही न बोलणारे यूपीएस असतात. केबल जोडून सेटिंगमध्ये 'वीज गेल्यावर पाच मिनिटांनी सुरक्षितपणे बंद हो' असं ठेवा. बॅटरी पुरेल तोवर चालव असं नको, कारण १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची ती बॅटरी उकाड्यात दोन-तीन वर्षांत म्हातारी होते आणि मग 'पुरेल तोवर' म्हणजे चाळीस सेकंद. वर्षातून दोनदा भिंतीचं बटण बंद करून नॅस खरंच शहाण्यासारखा बंद होतो का ते पाहा. स्टॅबिलायझर या कामाचा नाही. तो वीज गेल्यावर काहीच करत नाही.

लग्नाचे फोटो आणि वडिलांचं भजनाचं रेकॉर्डिंग एका एक्स्टर्नल डिस्कमध्ये कपाटात ठेवलंय. पावसाळ्यात कपड्यांनाही बुरशी येते, मग डिस्कचं काय? एसएसडीवर हलवू का?
– एक वाचिका, सावंतवाडी

नेहमीच्या डिस्कला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक भोक असतं, त्याला गाळणी असते. त्यामुळे ती हवाबंद नसते. (हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क पूर्ण बंद असतात, पण त्या सहसा अशा छोट्या डब्यांत नसतात.) दमट हवेत आधी खराब होतात ते बाहेरचे भाग: यूएसबीची पिन आणि सर्किट बोर्डवरचे उघडे ठिपके, ज्यांवर डोक्यांची जोडणी टेकलेली असते.

डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घाला आणि घट्ट रबरी झाकणाच्या डब्यात ५० ते १०० ग्रॅम सिलिका जेलसह ठेवा. रंग बदलणारं जेल घ्या. रंग उतरला की ११०-१२० अंशांवर दोन तास भाजून पुन्हा वापरता येतं. डबा कोरड्या दिवसात बंद करा, धो धो पावसात नाही. एसीच्या खोलीतून दमट खोलीत आणलेली डिस्क लगेच जोडू नका; पिशवी न उघडता दोन-तीन तास जाऊ द्या. चष्म्यावर धरते तशी वाफ तिच्यावरही धरते.

एसएसडीवर हलवू नका, निदान कपाटात ठेवण्यासाठी तरी नको. तिथे डेटा म्हणजे साठवलेला विद्युतभार, आणि तो झिरपतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडीने, लिखाणाची मर्यादा संपल्यावर, विजेविना ३० अंशांवर एक वर्ष डेटा धरायला हवा. नवी एसएसडी यापेक्षा जास्त धरते, पण उकाडा वाढला की मुदत घटते. पेनड्राइव्हचं तर बोलूच नका.

कपाटातली डिस्क सहा महिन्यांतून एकदा काढा. दसरा आणि गुढीपाडवा धरा, लक्षात राहतं. जोडा, दहा-बारा फाइली उघडा, 'सी५' पाहा, परत ठेवा. आणि तुमच्या पत्रातला 'एका' हा शब्द खटकला. वडिलांचं रेकॉर्डिंग पुन्हा होणार नाही. ध्वनिफाइली तशा लहान असतात; आजच ती दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि एक प्रत परगावच्या भावंडाकडे पाठवा.

डिस्क पडली, आता टक-टक वाजते. फ्रीझरमध्ये ठेवून चालते म्हणतात.
– एक वाचक, नागपूर

नका ठेवू. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं आणि डोकं त्यावरून घासतं. आधी एवढंच करा: लांब एक्स्टेन्शन वायर काढून आखूड केबलने पीसीच्या मागच्या यूएसबीत जोडा. यूएसबी २ चं भोक ५०० मिलिअँपिअर देतं आणि कमी विजेवरही डिस्क टकटकते. तरीही वाजली तर बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. प्रत्येक प्रयत्नात तबकडी ओरबाडली जाते. सर्किट बोर्ड दुसऱ्या डिस्कचा लावूनही काम होत नाही, कारण त्यावरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची मापं असतात. डेटा मोलाचा असेल तर क्लीन रूम असलेल्या रिकव्हरीवाल्याकडे द्या. डबा फोडून आतली डिस्क पीसीला जोडायचा बेतही नको: काही पोर्टेबल डिस्कच्या बोर्डावर साटाचं तोंडच नसतं, तर काहींत डेटा डब्यातल्या चिपने सांकेतिक केलेला असतो.

आवाज न करणारी, पण अडखळत वाचणारी डिस्क असेल तर गोष्ट निराळी. तिथे लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू (बिघडत्या डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम) वापरा, नोंदफाइलसह. पहिल्या फेरीत सोपं तेवढंच उचलून अडलेले भाग सोडायला सांगा, दुसऱ्या फेरीत तीन प्रयत्न. प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि पुढची सगळी खटपट प्रतीवर.

एक्स्टर्नल डब्यातून काढलेली मोठी डिस्क पीसीत सुरूच होत नाही. डब्यात चालत होती.
– एक वाचक, ठाणे

डिस्क ठीक आहे. साटा वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की काही नव्या डिस्क त्याला 'बंद राहा' हा हुकूम समजतात, आणि जुने पॉवर सप्लाय तिथे ते देतात. डिस्कच्या त्या पिनेवर कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या, वीज न वाहणाऱ्या चिकटपट्टीचा) बारीक तुकडा लावा. मोलेक्स-साटा जोडणीनेही (पॉवर सप्लायच्या जुन्या चार पिनांच्या तोंडातून वीज घेणाऱ्या) काम होतं, पण साच्यात ओतलेली स्वस्त जोडणी वितळून पेट घेऊ शकते. वायर दाबून बसवलेली घ्या.

मी न्यू जर्सीत, आईवडील सांगलीत. सगळे मिळून २ टीबी फोटो. एकमेकांच्या घरी बॅकअप ठेवता येईल का?
– एक वाचिका, न्यू जर्सी

येईल, आणि ३-२-१ मधल्या 'घराबाहेर'साठी याहून चांगली सोय नाही. आग, चोरी, पूर दोन्ही घरांत एकाच दिवशी येणार नाहीत. सांगलीत पुराचं कारण वेगळं सांगायला नको. तिथला डबा तळमजल्यावर ठेवू नका.

पहिली प्रत नेटवरून पाठवू नका. सेकंदाला ४० मेगाबिटच्या अपलोडने १ टीबीला ५५ तास लागतात, २ टीबीला साडेचार दिवसांहून जास्त, तेही लाइन मध्ये तुटली नाही तर. पुढच्या भारतभेटीत डिस्क हातसामानात न्या, सांकेतिक करून. नंतर रोजचे बदल तेवढे नेटवरून जातील.

भारतातल्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांत घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे बाहेरून थेट शिरता येत नाही. राउटरची दारं उघडत बसू नका; टेलस्केल किंवा वायरगार्डचा बोगदा (दोन घरांना नेटवरून जोडणारा खासगी, सांकेतिक रस्ता) घ्या. वायरगार्ड असेल तर दोनपैकी निदान एका घराला सार्वजनिक पत्ता लागतो. बॅकअप ओढून घेणारा डबा सांगलीचा असावा, ढकलणारा तुमचा नको. तुमच्या संगणकात व्हायरस शिरला तरी त्याच्याकडे तिकडची प्रत पुसायची किल्ली राहत नाही. सांगलीच्या डब्यात तीन महिन्यांचे जुने स्नॅपशॉट (त्या त्या दिवशी फाइली जशा होत्या तशा गोठवलेल्या नोंदी) ठेवा, म्हणजे चुकून पुसलेलंही परत मिळेल.

सांकेतिक डिस्कची किल्ली हरवली तर डिस्क धडधाकट असूनही डेटा गेला. विंडोजमधल्या बिटलॉकर या कुलपाची ४८ अंकी किल्ली कागदावर छापून एक प्रत बँकेच्या कागदांबरोबर सांगलीत, एक तुमच्याकडे ठेवा. त्याच डिस्कवर ती ठेवणारे लोक आहेत, म्हणून लिहावं लागतं.

तीन महिन्यांतून एकदा तिकडच्या प्रतीतून दहा फाइली परत आणा, दर वेळी वेगवेगळ्या वर्षांच्या, आणि उघडून बघा. वर्षातून एकदा पूर्ण फोल्डर आणून एसएचए-२५६ ने (फाइलीचा ठसा काढायची पद्धत) मूळ फाइलींशी ताडून पाहा. आणि डब्याच्या प्लगवर 'हे बटण बंद करू नये' अशी मराठी चिठ्ठी चिकटवा, कारण सांगलीचा बॅकअप बंद पडलाच तर बहुधा केर काढताना काढलेल्या वायरमुळे पडेल, आणि आठवडाभर प्रत गेली नाही की तुम्हाला ईमेल येईल अशी सूचनाही लावून ठेवा.